'शिक्षकांना बदल नकोच असतो' या प्रतिक्रियेबद्दल

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. मी शिक्षकांची तळी उचलतो, कुठलीही सुधारणा आली की त्यांची नकारघंटा ठरलेली, प्रशिक्षण देऊनही जे बदलत नाहीत त्यांच्यावर सक्तीच हवी, असं तुमचं म्हणणं. कामचुकार शिक्षक असतात, त्यात वाद नाही. पण मला जास्त धास्ती वाटते ती मान डोलावणाऱ्यांची.

अमेरिकेतले शिक्षण-संशोधक डेव्हिड कोहेन यांनी १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शिक्षिकेबद्दल लिहिलं आहे. तिथे गणित समजून शिकवा, असं धोरण आलं होतं आणि बाईंना ते मनापासून पटलं होतं. स्थानिक किंमत शिकवायला त्यांनी कप आणि बिया आणल्या, मुलांना गटागटाने बसवलं. पण उत्तर बरोबर आलं की बाई पुढे. 'कसं काढलंस?' हा प्रश्न जवळजवळ नाहीच. गट होते, गटात चर्चा नव्हती. तरी आपलं शिकवणं आमूलाग्र बदललं, अशी बाईंची खात्री (आणि त्या खोटं बोलत नव्हत्या). तुमच्या सक्तीच्या तपासणीत त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या असत्या. साहित्य आहे, गट आहेत, करा सही.

राहिलं प्रशिक्षण. आधी शिक्षकाचं मन वळवा, मग वर्ग आपोआप बदलेल, हे आपण गृहीतच धरतो. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये हा क्रम उलटा मांडला: शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, मुलांमध्ये फरक दिसतो आणि मग त्याचं मत बदलतं. कायम मागे बसणाऱ्या पोराने स्वतःहून हात वर केला, तर तेवढ्याने जे पटतं ते शिबिरातल्या भाषणांनी पटत नाही. पण करून बघायला सवड लागते, काही फसलं तर वरून बोलणी बसणार नाहीत याची खात्री लागते. अभ्यासक्रम नवा आणि परीक्षा जुनीच असेल, तर शिक्षक परीक्षेपुरतंच शिकवणार. त्याला आळस म्हणणं मला पटत नाही.

'जुनी मंडळी निवृत्त झाली की प्रश्न सुटेल,' असंही तुम्ही लिहिलंय. नाही सुटणार. नवा शिक्षक कोरा येत नाही. शिक्षकी पेशाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच दाखवून दिलं, की शिकवणं म्हणजे काय हे तो विद्यार्थी म्हणून बाकावर बसून वर्षानुवर्षं बघत आलेला असतो. वर्ग हाताबाहेर जायला लागला की डी.एड.-बी.एड.चं सगळं बाजूला राहतं आणि तो आपल्या सरांसारखाच शिकवायला लागतो.