गुरुवारची बैठक

गुरुवारी कामाला जाताना मी व्हिएन्नाचा हेल्डनप्लात्झ चौक ओलांडते. होफबर्ग राजवाड्याबाहेर पर्यटकांसाठी घोडागाड्या उभ्या असतात आणि त्यांच्या बाजूने राजदूतांच्या मोटारी आत शिरतात. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या ५७ देशांची दर आठवड्याची बैठक तिथे भरते. रशिया आणि युक्रेन दोघेही तिचे सदस्य. २०२२ मध्ये या दोघांत पूर्ण युद्ध पेटल्यावरही या बैठका चालूच राहिल्या.

सांगलीहून काकांचा फोन आला की हा विषय निघतोच. "अगं, नुसतं बोलून कुठं युद्ध थांबतंय?" आपल्याकडचं दुसरं टोक म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला मोदींनी पुतिन यांना ऐकवलेलं, आजचं युग युद्धाचं नाही, हे वाक्य. ते उद्धृत करायचं, संवादातून मार्ग काढा म्हणायचं, की आपली जबाबदारी संपली. इथे राहून मला दोन्ही पटेनासं झालंय.

माझी एक सहकारी पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क भागातली आहे. २०१४ मध्ये तिथे लढाई सुरू झाल्यापासून या संघटनेचे निरीक्षक तिच्या गावी पांढऱ्या गाड्यांतून फिरायचे, स्फोट मोजायचे, रोजचा अहवाल काढायचे. गाडी दोनेक तास गल्लीत उभी असायची, तोवर तिची आई अंगणात कपडे वाळत घालायची, विहिरीवरून पाणी आणायची. संध्याकाळी गाडी गेली की तोफा सुरू. निरीक्षकांनी युद्ध थांबवलं नाही, हे ती स्वतःच सांगते. पण त्या दोन तासांची किंमत तिला विचारावी.

या संघटनेत निर्णय एकमताने होतात, त्यामुळे एकाच देशाचा नकार पुरतो. रशियाने निरीक्षकांच्या मोहिमेची मुदतवाढ अडवली आणि ३१ मार्च २०२२ ला ती मोहीम संपली. एप्रिलमध्ये तिच्या तीन स्थानिक कर्मचाऱ्यांना रशियाच्या प्रभावाखालच्या भागात पकडलं. त्यातल्या दोघांना सप्टेंबरमध्ये त्याच भागातल्या लुहान्स्कमध्ये १३ वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे रशियाने संघटनेचं २०२४ चं अध्यक्षपद एस्टोनियाला मिळू दिलं नाही, ते माल्टाकडे गेलं.

म्हणजे काकांचं खरं? नाही. संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कीने जुलै २०२२ मध्ये घडवलेल्या करारामुळे काळ्या समुद्रातून जवळपास ३.३ कोटी टन धान्य बाहेर पडलं. वर्षभराने रशिया त्यातून बाहेर पडला, तरी तेवढं धान्य लोकांच्या पोटात गेलंच. युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या अणुप्रकल्पात सप्टेंबर २०२२ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची माणसं राहताहेत. तिचं मुख्यालयही याच शहरात आहे.

भारत होफबर्गमधल्या त्या टेबलाशी बसत नाही, पण मॉस्को आणि कीव्ह दोन्हीकडे त्याचं बोलणं ऐकलं जातं. म्हणून संवादाचा आग्रह धरताना दिल्लीने नेमकं मागावं: निरीक्षकांना परत जाऊ द्या, त्यांना हात लावू नका. हजार किलोमीटरहून लांब आघाडीवर उद्या शस्त्रसंधी झाली, तर पहिली गोळी कुणी झाडली हे सांगायला तिसरं कुणीतरी तिथे हवं. सहकारीची आई आता इथेच असते. रस्त्यात पांढरी मोठी गाडी दिसली की ती अजून वळून बघते.