नशेत जमून गेलेला सिनेमा? 'ले तोंतों फ्लँगर'बद्दलची लोणकढी थाप

१९६३च्या या फ्रेंच गुन्हेगारी विनोदपटाबद्दल एक मजकूर कायम फिरत असतो: 'प्रदर्शित झाला तेव्हा आपटला, टीव्हीने वाचवला; कादंबरीचा संबंध नावापुरता; स्वयंपाकघरातला प्रसंग नटांनी दारू चढल्यावर आयत्या वेळी रचला; सगळी कमाल संवादलेखक मिशेल ओदियारची.'

आपटला म्हणे! फ्रान्सच्या थिएटरांत त्याची ३३ लाखांच्या आसपास तिकिटं गेली. टीव्हीमुळे संवाद पाठ असणाऱ्या पिढ्या तयार झाल्या हे खरं, पण सिनेमाला वाचवण्याची वेळ आलीच नव्हती.

कादंबरीबाबत मजकुरात थोडं तथ्य आहे. आल्बेर सिमोनँच्या 'ग्रिझबी ऑर नॉट ग्रिझबी'चा (१९५५) नायक माक्स. पडद्यावर त्याच्या जागी मोंतोबाँ गावचा ट्रॅक्टरवाला फेर्नां आला आणि सूरही पालटला. पण हे रूपांतर करणाऱ्यांत खुद्द सिमोनँ होता. ही कादंबरी ज्या मालिकेतली, तिच्यातल्या पहिल्या कादंबरीवर झाक बेकेरने १९५४मध्ये गंभीर गुन्हेपट केला होता आणि लिनो व्हेंतुरा पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो त्यातच. म्हणजे गुंडपटाची ही टवाळी घरच्याच माणसांनी केलेली आहे. फेर्नां झालेला व्हेंतुरा इथेही गंभीर गुंडपटातल्यासारखाच वावरतो, एकदाही 'विनोदी' होत नाही. हसू येतं ते त्यामुळेच.

आता स्वयंपाकघर. बाहेर पोरांची पार्टी रंगलीय, आत वयस्क गुंड सँडविचं लावतायत. नेहमीची दारू पोरांनी लंपास केली म्हणून एक जुनी, जहाल बाटली उघडली जाते. कुणाला तिच्यात सफरचंदाची चव लागते. 'आहे' एवढंच उत्तर मिळतं. बऱ्याच वेळाने बीटाची शंका निघते, आणि तेही असतंच. पहिलं वाक्य इतकं आधी पेरलेलं नसतं तर दुसऱ्यावर कुणी हसलं नसतं. अशी पेरणी कागदावर होते, नशेत नाही.

आवाज बंद करून हाच प्रसंग पाहा. चेहऱ्यांचे क्लोजअप एकापाठोपाठ येतात: घोट, थांबलेला श्वास, पाणावलेले डोळे, समोरच्याची नजर. असे शॉट साधारणपणे तुकड्यातुकड्यांनी घेतात. कॅमेरा हलला की प्रकाश पुन्हा लावायचा, नटाने तोच घोट पुन्हा घ्यायचा, ग्लासातली पातळी आधीच्या शॉटशी जुळवायची. नट खरोखर झिंगलेला असेल तर नजरेची दिशा चुकते, वाक्याचा वेग दर टेकला बदलतो आणि संकलकाला कात्री लावायला जागा सापडत नाही. इथे बेर्नार ब्लिए, झाँ लफेव्र, फ्रान्सिस ब्लांश, रोबेर दाल्बाँ आणि व्हेंतुरा एकमेकांची वाक्यं अचूक जागी झेलतात. झिंगण्याचा अभिनय करायला डोकं ताळ्यावर लागतं.

राहिली ओदियारची एकहाती कमाल. संवाद त्याचेच, आणि अफलातून. त्यावर वाद नाही. पण सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलांचा तो फुसका 'प्लॉप' कुठल्या संवादात बसतो? संगीतकार मिशेल मान्यने एकच धून वेगवेगळ्या वेशांत फिरवून जी गंमत केलीय, तिलाही शब्द लागत नाहीत. आणि स्वयंपाकघराचा प्रसंग? ओदियारला तो अनावश्यक वाटत होता. दिग्दर्शक झॉर्झ लोतनेरने हट्टाने ठेवला.