"हा आनंद मुलांचा नाही, तुमचा आहे" : एका कमेंटला उत्तर

नमस्कार अनामिक,

तुम्ही ताई आहात की दादा ते कळायला मार्ग नाही, नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे अनामिक असंच म्हणते.

मुलांना स्वयंपाक शिकवण्यातल्या आनंदावर मी जे लिहिलं त्याखाली तुमची कमेंट आलीय. "हा आनंद मुलांचा नाही, तुमचा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात सुरी देणं धोक्याचं आहे. दमून घरी येणाऱ्या आईबापांना एवढा वेळ नसतो. मोठी झाली की मुलांना हे आपोआप येतं. उगाच उदात्तीकरण करू नका."

मतभेदाचं मला काही नाही हो. इथे दर वेळी कोणी ना कोणी वेगळं मत मांडतं आणि मी प्रत्येकाशी बोलते. पण "उगाच उदात्तीकरण करू नका" ही काय बोलायची पद्धत झाली? तुम्ही मला ओळखत नाही, मी मुलांसोबत काय करते ते पाहिलेलं नाही, आणि थेट हुकूम सोडून मोकळे. हेच "मला हे पटलं नाही, कारण..." असं लिहिता आलं असतं की.

आता ते पहिलं वाक्य, कारण खरं लागलं ते तेच. आनंद तुमचा आहे म्हणे. हो, आहे, माझाही आहे, आणि तो मी लपवलेला नाही, लेखभर तेच लिहिलंय. पण तुमच्या वाक्याचा सूर असा की मी मुलांना पुढे करून स्वतःची हौस भागवते. जरा नीट सांगते तो आनंद कसला असतो ते.

मूल पहिल्यांदा अंडं फोडतं तेव्हा कवचाचा तुकडा वाडग्यात पडतोच. मग ते बोटाने काढायला जातं, तुकडा निसटतो, परत जातं, परत निसटतो. कवचाच्याच मोठ्या अर्धुकाने तो पटकन निघतो हे मला माहीत असतं, आणि सांगायचं नसतं, निदान लगेच नाही. माझे हात अक्षरशः शिवशिवतात. मी ते पाठीमागे बांधून उभी राहते. कांदा कापतानाही तेच. एक तुकडा जाड, एक पातळ, मला दिसत असतं की पातळ करपणार आणि जाड कच्चा राहणार, तरी गप्प बसायचं. पॅनमध्ये ते दोन्ही शेजारीशेजारी दिसले की पोरगं स्वतःच म्हणतं, पुढच्या वेळी सारखे कापतो. हे वाक्य ऐकायला मिळतं ना, तो माझा आनंद. यात हौस कुठे आली सांगा, उलट सगळा वेळ स्वतःला आवरण्यात जातो.

आणि प्रश्न! एका मुलीने मला विचारलं की परतलेला बटाटा तांबूस होतो तर उकडलेला कितीही वेळ ठेवला तरी का होत नाही. केवढा मोठा प्रश्न आहे हा. पाणी उकळतं ते साधारण १०० अंशांना, त्याच्या वर ते जात नाही, आणि बटाट्यावर चांगला तांबूस रंग यायला साधारण १४० अंशांच्या पुढचा ताव लागतो, म्हणून आधी वरचं पाणी उडून पृष्ठभाग कोरडा व्हावा लागतो. लुई कामिय मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या तांबूस होण्यामागच्या क्रियेबद्दल लिहिलं, आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मी तिला एवढं सगळं सांगितलं नाही, एक तुकडा पुसून कोरडा केला, एक ओलाच ठेवला, दोन्ही तव्यावर टाकले आणि म्हटलं बघत बस. ती बघत बसली, हलली नाही. आता मला सांगा, त्या क्षणी आनंद तिचा होता की माझा? वाटणी करून दाखवा.

तुम्ही म्हणाल हे गोड गोड किस्से आहेत. मग दुसरी बाजूही ऐका. मला लहानपणी स्वयंपाकघरात "लुडबुड नको" याशिवाय काही ऐकायला मिळालं नाही. पुढे शिकवायची वेळ आली तेव्हा घरातल्यांनी शिकवलंही, पण कपाळावर आठ्या घालून, दर दोन मिनिटांनी हातातून पळी काढून घेत. शिकवणारा वैतागलेला असला की शिकणाऱ्याला आधी वैताग कळतो, पदार्थ फार नंतर. मोठी झाल्यावरही कितीतरी वर्षं गॅस पेटवताना माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणून "आपोआप येतं" हे मला नका सांगू, मला आलेलं नाही. शिकवणाऱ्याचा आनंद हा वरचा बोनस नाहीये, तो नसला तर मूल त्या ओट्याजवळ परत फिरकत नाही. हे मी स्वतःच्या अनुभवाने बोलतेय, तुम्ही कशाच्या जोरावर बोलताय ते कमेंटमध्ये दिसलं नाही.

हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं खूळही नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालघर सुरू केलं, तिथे लहान लहान मुलं खरी भांडी वापरायची, जेवण वाढायची, खेळण्यातली भांडी नव्हेत. आणि २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ६ ते १० वर्षांची ४७ मुलं होती, त्यात ज्यांनी पालकांसोबत स्वतः जेवण बनवलं त्यांनी इतरांपेक्षा जास्त सॅलड खाल्लं. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण उदात्तीकरण म्हणून उडवून लावण्यासारखाही नाही.

सुरीबद्दल. लेखात लिहिलं होतं, तुम्ही वाचलं नसावं. बोटांची टोकं आत वळवून धरायची, भाजी कापायच्या पाटाखाली ओलं फडकं घालायचं म्हणजे तो सरकत नाही, आणि सुरी बोथट नको, कारण बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि ती घसरते. मोठं माणूस शेजारी हवंच, त्यावर वाद नाही. एक मात्र तुमच्या बाजूने म्हणते, वाफ आणि गरम तेल यावर मी एकच ओळ लिहिली होती, तिथे जास्त लिहायला हरकत नव्हती. तर इथे लिहिते: पॅनचा दांडा कायम आतल्या बाजूला, झाकण चेहऱ्यापासून दूर कलवून उघडायचं, ओल्या हाताने तेलाशी खेळ नाही, तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. झालं समाधान?

वेळेचं म्हणाल तर ज्यांना वेळ नाही त्यांनी करू नये, मी कोणाच्या घरी येऊन सक्ती केलेली नाही.

तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी नाव लिहा, आणि एवढं सांगा की तुम्ही स्वतः शेवटचं कोणत्या मुलाला ओट्याशी उभं केलं होतं आणि किती वेळ त्याच्या हातातून काही काढून न घेता थांबला होतात. मग बोलू.