लाइट गेल्यावर सोलर घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरला जोडा म्हणणारा मेसेज: कृपया जोडू नका

घरच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि काकांनी लगेच इलेक्ट्रिशियनला बोलावलंसुद्धा, म्हणून घाईने लिहितोय. मेसेज म्हणतो: छतावरच्या सोलरची उरलेली वीज ग्रीडला (वीज कंपनीच्या लाइनला) विकून कायमची कमाई होते, लाइट गेली तर सोलर घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरला जोडा, घर चालू राहतं, नवा मीटर येईपर्यंत थांबू नका, जुना उलटा फिरतो, आणि पॅनल जितके जास्त तितका फायदा.

आधी लाइट गेल्याचं, कारण यात माणूस मरू शकतो. ग्रीडला वीज देणारा सोलर इन्व्हर्टर ग्रीडचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरूनच चालतो. ग्रीड गेलं की तो बंद पडतो, आणि तो तसा बंद पडावा अशीच त्याची रचना असते. विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेचं १५४७ हे मानक त्याला त्यासाठी जास्तीत जास्त दोन सेकंद देतं. लाइन बंद आहे असं धरून वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याच्यासाठी हे आहे.

मेसेजमधली जोडणी नेमकं हेच संरक्षण फसवते. बॅटरीचा इन्व्हर्टर साइन वेव्ह, म्हणजे ग्रीडसारखीच वीज देणारा, असेल तर सोलर इन्व्हर्टरला ते ग्रीडच वाटतं आणि तो वीज ढकलू लागतो. भर दुपारी पॅनल ३ किलोवॅट देताहेत, घरात पंखे आणि फ्रीज मिळून ३०० वॅट लागताहेत. उरलेले २७०० वॅट जाणार कुठे? बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये, आउटपुटकडून उलटे. त्यातले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) उडतात, नाहीतर बॅटरी बेसुमार चार्ज होऊन तापते. त्यात चेंजओव्हर स्विच (घर ग्रीडपासून तोडून बॅकअपवर नेणारा) नसेल तर वीज मीटरमधून बाहेरच्या लाइनवरही जाऊ शकते. लाइट नसताना सोलर हवाच असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. तो आधी ग्रीडपासून तुटतो, गरजेचा लोड वेगळ्या बॅकअप आउटपुटवर चालवतो आणि बॅटरी भरली की पॅनलचं उत्पादन कमी करतो.

जुना मीटर उलटा फिरतो हे चकतीच्या मीटरचं. एकाच दिशेचे बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर दिशा बघतच नाहीत. बाहेर दिलेलं युनिटही वापर म्हणून चढवतात, म्हणजे वीज द्यायची आणि वर तिचंच बिल भरायचं. दोन दिशांचा मीटर बसेपर्यंत सिस्टीम चालू करू नका. बसल्यावर दुपारी घरातला लोड बंद करून डिस्प्ले बघा: बऱ्याच मीटरवर १.८.० म्हणजे घेतलेली वीज, २.८.० म्हणजे दिलेली. २.८.० वाढायला हवं. त्याऐवजी १.८.० वाढत असेल तर मीटरची वायरिंग उलटी झालेली असू शकते.

कमाईचं अर्धं खरं आहे, मान्य. जर्मनीने २००० च्या कायद्याने २० वर्षांचा ठरलेला दर दिला होता. पण तो दर सगळीकडे नाही. नेट मीटरिंगमध्ये दिलेलं युनिट घेतलेल्यातून वजा होतं. नेट बिलिंगमध्ये त्याला वेगळा, बहुधा बराच कमी दर मिळतो. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये नव्या अर्जदारांना असाच कमी दर लावला. जिथे असा कमी दर आहे तिथे पंप, वॉशिंग मशीन, गीझर दुपारी चालवणं विकण्यापेक्षा परवडतं.

राहिले जास्तीचे पॅनल. लाइनच्या टोकाच्या घरात, आसपासही बरेच सोलर असतील तर, दुपारी व्होल्टेज आधीच चढलेला असू शकतो. वीज ढकलली की आणखी चढतो आणि २३० व्होल्टच्या लाइनवर साधारण २५३ च्या पुढे इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मग जास्तीचे पॅनल ऐन उन्हात नुसते पडून राहतात. इन्व्हर्टरच्या नोंदीत ओव्हरव्होल्टेज दिसत असेल तर त्याची व्होल्टेजची मर्यादा वाढवून घेऊ नका. इन्व्हर्टर ते मीटर केबल जाड करा, तरीही थांबलं नाही तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (लाइनचा व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) तपासायला वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या.