आत्याचं सिम आणि एक फॉरवर्ड

रविवारी आत्याकडे गेलो तर स्मार्टफोन कपाटात आणि सिम जुन्या बटणाच्या फोनमध्ये. कारण? कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला 'ज्येष्ठांनो, सावधान' हा फॉरवर्ड. त्यात म्हटलंय: साठीनंतर मेंदू नवं शिकत नाही, मोबाइलने विसरभोळेपणा वाढतो, अंगठा उमटेनासा झाला की ऑनलाइन जग आपलं नाही असं समजावं, आणि पिन-ओटीपी मुलांकडे सोपवून निवांत राहावं. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही, गुलाबाची फुलं मात्र आहेत.

पोस्टात कॉम्प्युटर आला तेव्हा चाळिशी ओलांडलेली आत्या तो शिकली, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. साठीनंतरचं म्हणाल, तर टेक्सासमधल्या मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांच्या गटाचा २०१४चा अभ्यास आहे. ६० ते ९० वयाच्या मंडळींपैकी काहींना तीन महिने, आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास, डिजिटल फोटोग्राफी शिकवली. नुसत्या गप्पा-सहलींत रमलेल्यांपेक्षा त्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. साठीनंतर मेंदू शिकत नाही, हा मुद्दा इथेच निकालात निघाला.

शिकायला वेळ जास्त लागतो, हे मान्य. पण अभ्यासातल्या मंडळींना आठवड्याला पंधरा तास मिळाले. आत्याला आमच्याकडून काय मिळतं? "दे इकडे, मी करतो." काम झालं, आत्याच्या बोटाने काहीच केलं नाही. त्यात वयाने कोरडी पडलेली बोटं स्क्रीनला नीट ओळखता येत नाहीत, आणि बोट जरा रेंगाळलं की भलताच मेनू उघडतो. तो रेंगाळण्याचा अवधी सेटिंगमध्ये वाढवता येतो. मीही तो रविवारीच पहिल्यांदा वाढवला.

अंगठा उमटत नाही, कारण कातडीवरच्या रेघा झिजतात. त्याचा अकलेशी काय संबंध? पेन्शनला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण' या सरकारी ऑनलाइन सेवेत २०२१पासून चेहरा दाखवूनही काम होतं.

आणि तो पिनचा सल्ला! बँका घसा फोडून सांगतात की पिन-ओटीपी कुणालाही देऊ नका, घरच्यांनाही नाही. आणि हे महाशय म्हणतात, देऊन टाका. ओळखीतल्या एका आजींनी दिला. बँकेचे मेसेज मुलाच्या फोनवर जातात, खात्यात किती उरले ते त्याला ठाऊक. स्वतःच्या पेन्शनमधून गुडघ्याचा पट्टा घ्यायचा तर त्या "बघ ना, जमेल का" असं विचारतात. तीस वर्षं नोकरी केलेली बाई! तो पोरगा वाईट नाही, हेच जास्त लागतं.

फसवणूक होते, तेही खरं. पोलीस असल्याचं भासवून, फोनवरच 'डिजिटल अटके'ची भीती घालून म्हाताऱ्या माणसांना लुटलं जातंच. पण असा भामटा साध्या कॉलनेही गाठतो, बटणाचा फोन त्याला अडवत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावायचा, हे मात्र त्या लांबलचक फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

सिम परत घालायला स्मार्टफोनचा सिमचा कप्पा उघडायची बारीक टाचणी सापडेना. आत्याने कानातलं काढून त्याची तार पुढे केली आणि म्हणाली, "थांब, मी करते."