डाग असेल तरच घेईन

जुनी यांत्रिक क्रोनोग्राफ घड्याळे, म्हणजे वेळेबरोबर थांबघड्याळाचेही काम करणारी घड्याळे, जमवायची ठरवली, की आधी आपल्यावर झालेले खरेदीचे सगळे संस्कार गुंडाळून ठेवावे लागतात. वस्तू नवीकोरी आणि चकचकीत असावी अशी शिकवण घेऊन मी वाढलो. या छंदात मात्र चकचकीत दिसेल त्याच्यावर संशय घ्यायचा आणि कळकट, पिवळट पडलेले दिसेल त्यापुढे हात जोडायचे, असा रिवाज आहे. स्विस घड्याळांचे भाव ऐकून मला कापरे भरल्यामुळे मी मोर्चा जपानकडे वळवला आणि सेइकोच्या ६१३९ या घराण्यावर येऊन थांबलो.

घराणे नामांकित आहे. मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारा पहिला क्रोनोग्राफ कोणाचा, यावरून १९६९ साली झेनिथ, ह्यूअर-ब्राइटलिंगचा गट आणि सेइको यांच्यात चुरस लागली होती आणि तिचा निकाल लावण्यात संग्राहक अजूनही रात्री जागवतात. १९७३ मध्ये विल्यम पोग नावाचा अंतराळवीर पिवळ्या तबकडीचे असे घड्याळ रीतसर परवानगी न घेताच स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर घेऊन गेला. ही हकिकत पुढे सर्वतोमुखी झाली, त्या घड्याळाला ‘पोग’ हे नाव पडले आणि पोग पृथ्वीवर परतला तरी भाव काही खाली आला नाही.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, एका दुकानदाराने माझ्यापुढे असाच एक पोग ठेवला. तबकडी हळदीच्या कार्यक्रमातून नुकतीच उठून आल्यासारखी पिवळीजर्द होती. “एकदम ओरिजनल, साहेब. रोज सकाळी न चुकता चावी देतो,” तो म्हणाला. आता, ६१३९ला हाताने किल्ली देताच येत नाही. ती गोल फिरवली की तबकडीच्या कडेचे आतले कडे तेवढे फिरते. हलकेच दाबली की तारीख बदलते आणि पूर्ण दाबली की वार. हा गृहस्थ रोज सकाळी नेमकी कोणती सेवा करत होता, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी घड्याळ पालथे केले. सेइकोच्या पाठीवरच्या क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. तिथे ८ होता, म्हणजे पाठ १९७८ची. तबकडीवर मात्र पाणी शिरणार नाही अशी ग्वाही देणारा ‘प्रूफ’ हा शब्द होता, जो सेइकोने सुरुवातीच्या काळातच छापला आणि लवकरच काढून टाकला. पाठ एकाची, तबकडी दुसऱ्याची आणि काटे बहुधा तिसऱ्याचे. वरचे बटण दाबल्यावर सेकंद-काटा निघाला, पण खालचे दाबल्यावर बाराऐवजी बाराच्या थोडे पुढे जाऊन विसावला. “तिथूनच मोजायचं, साहेब,” दुकानदार म्हणाला.

कोपऱ्यात दुसरा एक पोग पडला होता. त्याची तबकडी मोहरीच्या रंगावर आलेली, चार वाजण्याच्या खुणेपाशी तपकिरी डाग, काचेवर ओरखडे. पण केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, कडा अजून धारदार होत्या, तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांतला क्रमांक शाबूत होता आणि बटण दाबताच काटा बरोबर बारावर येऊन उभा राहत होता. इथे खरी परीक्षा सुरू झाली. भाव पाडायचा तर डागांना नावे ठेवायला हवीत, आणि मला तर ते डागच हवे होते. मी तोंड वाकडे करून म्हणालो, “फारच डाग आहेत हो.”

“मग साफ करून देतो ना! पोरगा बसलाय आत. तबकडी नवी रंगवतो, केसला पॉलिश मारतो, दहा मिनिटांत नवं करून देतो. पॉलिशचे पैसे नाही घेणार.”

त्याने हाक मारली. आतून पोरगा उठण्याचा आवाज आला. त्यानंतर मी घासाघीस केली नाही. ज्या केसच्या कडा पन्नास वर्षे टिकल्या, त्या फुकटात घासल्या जाणार या कल्पनेने मी त्याने मागितलेली पूर्ण रक्कम मोजली आणि घड्याळ मुठीत धरून रस्त्यावर आलो. भाव पाडण्याचे इतके परिणामकारक उत्तर मी अन्य कोणत्याही व्यापाऱ्याकडे पाहिलेले नाही, आणि ते त्याला ठाऊक नसावे असे मला आता वाटत नाही.

घरी बायकोने ते हातात घेऊन कानाला लावले. “अहो, सेकंद-काटा तर हलतच नाही.” या घड्याळाला वेगळा सेकंद-काटा नसतो, मधला काटा क्रोनोग्राफचा आहे आणि तो बटण दाबल्यावरच चालतो, हे मी समजावून सांगितले. “म्हणजे चालू आहे का ते कळायला आधी चालू करावं लागतं?” तिने विचारले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी विषय टॅकीमीटरवर नेला. काचेभोवतीच्या लाल-निळ्या कड्यावर आकडे असतात. एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबावे, पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबावे, पंचेचाळीस सेकंद लागले असतील तर काटा ताशी ८० किलोमीटरचा वेग दाखवतो. आम्ही राहतो घोडबंदर रस्त्यावर. ती मोजपट्टी ६० वर संपते, कारण एक किलोमीटर जायला कोणाला मिनिटाहून अधिक वेळ लागेल, ही शक्यता जपान्यांनी विचारातच घेतलेली नाही.