'सबस्टन्स' विकत घेणाऱ्यांना कमी लेखू नका

आज संध्याकाळपासून मन चिडलेले आहे. माझ्या भाचीने पहिल्या पगारातून जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या रॉक बँडच्या 'सबस्टन्स' या संकलनाची एलपी मागवली. ती एलपी कौतुकाने दाखवत असताना आमच्या ओळखीतल्या एका जाणकार गृहस्थांनी सर्वांसमोर सांगून टाकले की निवडक गाण्यांचे संकलन घेणारा माणूस त्या बँडचा खरा श्रोता नसतो, खऱ्या श्रोत्याने 'अननोन प्लेझर्स' आणि 'क्लोजर' हे दोन मूळ अल्बमच ऐकावेत. मुलगी काही बोलली नाही. तिने एलपी पुन्हा कव्हरमध्ये सरकवली आणि आत निघून गेली.

संगीत ऐकण्यासाठी कोणाकडून पात्रतेचा दाखला आणावा लागत नाही, हे तुम्हा मंडळींना सांगण्याची गरज नाही. परंतु त्या गृहस्थांचे बोलणे वस्तुस्थितीलाही धरून नव्हते, याचा मला अधिक राग आहे. 'ट्रान्समिशन', 'डेड सोल्स', 'ॲटमॉस्फिअर' आणि 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' या चार गाण्यांपैकी एकही त्या दोन अल्बमांवर नाही. केवळ तेच दोन ऐकणाऱ्याला यातले शेवटचे, म्हणजे या बँडचे सर्वांत गाजलेले गाणे, १९८० साली ब्रिटनच्या सिंगल्सच्या (एकेका गाण्यासाठी काढलेल्या रेकॉर्डच्या) यादीत १३व्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले गाणे, माहीतच होणार नाही.

मी हे संकलन प्रथम ऐकले ते डोंबिवलीला, आत्याच्या घरी, शाळेच्या उन्हाळी सुट्टीत. आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, कोणाकडून तरी सीडी मागून आणली होती आणि सगळे झोपल्यावर ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली होती. मुख्य दहा गाणी एका बाजूला बसली आणि सीडीवर जोडलेली आणखी सात दुसऱ्या बाजूला गेली. कॅसेटच्या कागदावर दादाने प्रत्येक गाण्यासमोर त्याचे साल लिहून ठेवले होते. गाण्याच्या नावापुढे साल कशाला, असे मी विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "क्रमाने ऐक, मग कळेल."

तो क्रम काय सांगतो ते पाहा. 'वॉर्सा' हे १९७८ साली बँडने स्वतःच काढलेल्या छोट्या रेकॉर्डवरचे गाणे आहे. त्यात गायक इयन कर्टिस जवळजवळ ओरडतो आणि गिटार नुसती धावत असते. 'डिजिटल'पर्यंत येतो तोवर निर्माता मार्टिन हॅनेट आलेला असतो आणि ड्रमच्या प्रत्येक ठोक्याभोवती मोकळी जागा निर्माण झालेली असते. पुढे आवाज खाली उतरतो, पीटर हुकचा बेस वर चढून सूर धरू लागतो, आणि 'ॲटमॉस्फिअर'मध्ये हेच चौघे पूर्वी इतक्या घाईत होते यावर विश्वास बसत नाही. हा सगळा प्रवास दोन-अडीच वर्षांचा आहे. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, कर्टिसने आयुष्य संपवले. तो २३ वर्षांचा होता. दादाने सालेच का लिहिली, हे मला ती कॅसेट ऐकताना उमगले.

आणि ही गाणी विखुरलेली तरी किती असावीत! 'डिजिटल' त्यांच्या कंपनीच्या, फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या, पहिल्या रेकॉर्डवर इतर कलाकारांच्या शेजारी होते. 'ऑटोसजेशन' एडिनबरोच्या एका कंपनीच्या संग्रहात होते, तर 'इन्क्युबेशन' फुकट वाटलेल्या फ्लेक्सी डिस्कवर, म्हणजे पातळ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डवर. 'ॲटमॉस्फिअर' मार्च १९८० मध्ये फ्रान्समध्ये निघाले, त्याच्या प्रती होत्या १५७८. 'शीज लॉस्ट कंट्रोल' पहिल्या अल्बमवर आहे हे खरे, पण 'सबस्टन्स'वर आहे ते १२ इंची सिंगलसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले, वाढीव कडव्याचे रूप. त्या काळातल्या या बँडांसाठी सिंगल ही अल्बमची जाहिरात नव्हती, ती स्वतंत्र आणि पूर्ण कृती होती. फॅक्टरीने १९८८ मध्ये ही पाने एकत्र बांधली नसती, तर मँचेस्टरपासून इतक्या दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती कोठे शोधायची होती? ज्यांना त्या १५७८ प्रतींपैकी एक मिळाली, तेवढेच खरे श्रोते काय?

त्याच सुट्टीत एका दुपारी 'ॲटमॉस्फिअर' लागले असताना आत्या तांदूळ निवडता निवडता थांबली. तिला इंग्रजी गाण्यांची कधीच आवड नव्हती, शब्दही कळत नव्हते. तिने दादाला विचारले, "कोण गेलंय रे यांचं?" दादा म्हणाला, गाणाराच गेला, पण हे त्याआधीचं आहे. आत्या गाणे संपेपर्यंत तशीच बसून राहिली. तिने 'क्लोजर' ऐकलेला नव्हता. तिला त्या दुपारी जे ऐकू आले, ते ऐकण्याचा तिला अधिकार नव्हता असे म्हणण्याची कोणाची हिंमत आहे?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून हेही लिहितो. 'क्लोजर'मधले एकही गाणे 'सबस्टन्स'वर नाही आणि त्या अल्बमचा सलग काळोख कोणत्याही संकलनातून मिळणार नाही, हे मान्य. कंपन्या तोच माल पुन्हा पुन्हा विकतात, हेही मान्य. १९९५ साली बहुतेक आधीच निघालेली गाणी घेऊन काढलेल्या 'परमनंट' या संकलनासाठी मी भांडणार नाही. त्या गृहस्थांचेही 'क्लोजर'वर मनापासून प्रेम असणार. पण आपल्या प्रेमाने दुसऱ्याचे दार बंद करायचे, ही कुठली रसिकता?

भाचीने 'क्लोजर' ऐकावा असे मलाही वाटते आणि ती ऐकेलच. तो जुलै १९८० मध्ये, कर्टिसच्या मृत्यूनंतर बाजारात आला. हे चौघे तिथपर्यंत कसे पोहोचले, हे तिला 'वॉर्सा'पासून क्रमाने ठाऊक असेल, तर ती तो अधिक चांगला ऐकेल. माझ्याकडची कॅसेट आता वाजत नाही, पण तिचा कागद शाबूत आहे. या रविवारी तो तिला नेऊन देणार आहे, म्हणजे तिलाही गाण्यांसमोर साले लिहिता येतील.